अकराशे बारा पाय

१

सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता कारखान्यातून अकराशे बारा पाय नाहीसे झाल्याचं उघडकीला आलं.

यात रक्ताचा थेंबही सांडला नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारखाना बुटांचा होता आणि पाय म्हणजे पायांची मापं. बाजारातले बूट ज्यांना होत नाहीत अशी माणसं इथं यायची. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचा तळवा आत वळलेला, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली. प्रत्येक पायाचे तीन बाजूंनी फोटो निघत, मापं घेतली जात आणि ते सगळं ‘पाय’ नावाच्या एका फोल्डरमध्ये जाऊन बसे. डाव्याची एक फाइल, उजव्याची एक. त्यावरून लाकडाचा साचा बनायचा आणि साच्यावर बूट चढायचा.

त्या सकाळी फोल्डर उघडला, तर शेवटची फाइल दीड वर्षांपूर्वीची निघाली. त्यानंतरची पाचशे छप्पन माणसं जणू या दारातून आत आलीच नव्हती. त्यातल्या चाळीसेक जणांचे बूट अर्धवट शिवून पडले होते आणि पुढचा टाका कुठं घालायचा हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं.

अकराच्या सुमाराला मालकांनी आत्याबाईंना बोलावून घेतलं. आत्याबाई म्हणजे मालकांच्या सख्ख्या आत्या. कारखान्यातला अर्धा हिस्सा त्यांच्या नावावर होता, म्हणून सगळा कारखाना त्यांना आत्याबाईच म्हणे. त्यांनी एकतीस वर्षं विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करण्यात घालवली होती. जळालेली गोदामं, बुडालेल्या होड्या, चोरीला गेलेले आणि कधी नसलेलेच दागिने, सगळं त्यांनी बघितलं होतं. निवृत्त झाल्यावर ही खोड जाईल असं घरच्यांना वाटलं होतं. ती काही गेली नाही.

“चोर सापडलाय, आत्या,” मालक म्हणाले. “फक्त तुझ्या दोन सह्या हव्यात.”

पहिला कागद सर्व्हर सांभाळणाऱ्या मुलीला कामावरून काढण्याचा होता. दुसरा नव्या, तयार प्रणालीच्या खरेदीचा. ती बसवणारा माणूस येऊन दाखल झालेला होता आणि चार वाजता तो सर्व्हर पुसून कोरा करणार होता.

आत्याबाईंनी चष्मा लावला, दोन्ही कागद वाचले आणि पेन न मागता विचारलं, की नक्कल कुठं आहे. एवढ्या मोठ्या कामाची कुठं तरी नक्कल ठेवतातच.

मालकांनी सांगितलं की नक्कल दुसऱ्या यंत्रावर असते आणि तिच्यातूनही नेमके तेच अकराशे बारा पाय गेलेले आहेत. बाहेरच्या चोराला हे सुचलं असतं का? घरभेद्याशिवाय हे शक्य नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं.

“सही चारला करते,” आत्याबाई म्हणाल्या. “तोवर जरा फिरून येते.”

२

सर्व्हरची खोली म्हणजे पूर्वीची चामड्याची कोठी. यंत्रं आली तरी वास गेला नव्हता. तीन काळी यंत्रं एका कप्प्यांच्या लोखंडी घोड्यावर एकाखाली एक बसली होती आणि प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी होती: थोरली, मधली, धाकटी. थोरलीकडे सगळ्या फायली, मधलीकडे टपाल, आणि धाकटीचं काम दर रविवारी पहाटे थोरलीची नक्कल उतरवून घेण्याचं. या तीन सुनांना धाकात ठेवणारी मुलगी जेमतेम अठ्ठावीस वर्षांची आणि बिनलग्नाची, पण कारखान्यात तिचं नाव पडलं होतं सासूबाई. पहिल्यांदा ती चिडली, मग तिला सवय झाली, आणि आता तर फोनवरही तेच नाव सांगे.

दोन वर्षांपूर्वी तिनेच ही तिन्ही यंत्रं उभी केली होती. मोडीत निघालेल्या यंत्रांवर लिनक्स नावाची प्रणाली चढवून, जगभरच्या लोकांनी लिहून खुली ठेवलेली सॉफ्टवेअर जोडून तिने कारखान्याचा सगळा कारभार सुरळीत लावला होता. मालक कौतुकाने ‘फुकटचं’ म्हणायचे. ती दर वेळी सांगायची की फुकटचं नव्हे, खुलं. आतलं वाचून कुणालाही तपासता येतं. दर वेळी मालक मान डोलावत आणि पुढच्या वेळी पुन्हा फुकटचं म्हणत.

आत्याबाईंना संगणकातलं ओ का ठो कळत नव्हतं. म्हणून त्यांनी जे कळतं तेच बघितलं. दारावर एक कागद चिकटवलेला होता, गेल्या शुक्रवारचा. कोणती डिस्क किती भरली याची नोंद: थोरली ८१ टक्के, मधली ४०, धाकटी ७८. असा कागद म्हणे दर शुक्रवारी बदलत असे.

भिंतीवर दुसरा एक कागद होता, ठळक अक्षरात. ‘जुनी डिस्क बघायची असल्यास: आधी नवा रिकामा फोल्डर करा. त्यावर डिस्क जोडा. काम झालं की सोडवा.’ पहिल्या वाक्याखाली तीन रेघा मारलेल्या होत्या. ज्याच्याखाली तीन रेघा माराव्या लागतात ते लोक वगळतात, हे आत्याबाईंना अनुभवाने ठाऊक होतं.

घोड्याच्या मागे, वायरींच्या गुंत्यापाशी, एक कापडी पिशवी पडली होती. तयार बूट ज्या पिशवीतून गिऱ्हाइकाला देत तीच. तिला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली होती आणि चिठ्ठीवर ‘जुनी’ एवढंच लिहिलं होतं.

पिशवी रिकामी होती.

३

पहिले भेटले मेहुणेसाहेब. हे मालकांच्या बायकोचे भाऊ आणि कारखान्याचे व्यवस्थापक. ज्यांचं त्यांच्याशी काडीचं नातं नव्हतं तेही सगळे त्यांना मेहुणेसाहेबच म्हणत. नवी प्रणाली विकणारा त्यांच्या ओळखीचा होता. आत्याबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं की चोरी सोमवारी सकाळी कळली आणि बसवणारा माणूस दहाला हजर, हे जमलं कसं.

मेहुणेसाहेब जरा चपापले, पण खोटं बोलले नाहीत. त्या माणसाला त्यांनी गेल्या बुधवारीच बोलावून ठेवलं होतं, प्रणाली दाखवायला. आज एवढा प्रकार होईल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. पण झालाच आहे, तर लोखंड तापलेलं आहे तोवर घाव घालावा. ज्या फुकटच्या वस्तूला मालक नाही तिचा भरवसा कुणी धरावा, असंही ते म्हणाले. शनिवारी ते दिवसभर मुलीच्या शाळेत होते.

आत्याबाईंनी मनात म्हटलं, आयत्या बिळावर नागोबा. पण बीळ यांनी खणलेलं दिसत नाही.

मग मापवाला. पायांची मापं घेणारा, फोटो काढणारा, फायली करणारा हाच. चाळिशीचा, नीटनेटका, नखं कापलेली, आवाज इतका मऊ की दुखरा पायसुद्धा त्याच्या हातात निवांत पडे. आज मात्र तो आपल्या टेबलावरचं मापाची फीत गुंडाळत होता, सोडत होता, परत गुंडाळत होता. शनिवारी तो अर्धा दिवस आला होता. कॅमेऱ्याच्या काचा पुसल्या आणि घरी गेला, असं त्याने सांगितलं. फाइल एकही उघडली नाही. सर्व्हरच्या खोलीकडे फिरकलाही नाही. आत्याबाईंनी विचारायच्या आधीच त्याने हे सांगितलं, तेही दोनदा.

शेवटी मास्तर. साचे कोरणारे, कारखान्यातले सगळ्यात जुने. संगणकावर त्यांचा पहिल्या दिवसापासून दात होता. लाकूड कधी रविवारी बेपत्ता होत नाही, असं ते सकाळपासून भेटेल त्याला सांगत होते. त्यांच्या पुढ्यात डाव्या पायाचा एक साचा अर्धा कोरलेला होता आणि समोर खिळ्याला पायाच्या मापांचा छापील कागद टोचलेला होता. आत्याबाईंनी विचारलं की सगळे पाय गेले, मग हा कुठून आला.

मास्तर म्हणाले, “हा शाळेतल्या बाईंचा. त्यांचा नवा बूट चावतो. टाचेला जखम झाली बिचारीच्या. शनिवारी दुपारी हे माप मिळालं. जुनं आहे, पण जुनंच बरोबर आहे. नव्यात खोट होती.”

आत्याबाईंनी कागद वाचला. माप दोन वर्षांपूर्वीचं. खाली कोपऱ्यात छपाईची तारीख, परवाची, शनिवारची.

हे माप आणून कुणी दिलं हे त्यांनी विचारलं नाही. तेवढ्यात दुपारच्या सुट्टीची घंटा झाली आणि घड्याळात एक वाजला होता. सर्व्हर पुसायला तीन तास उरले होते.

४

सासूबाई पुढच्या खोलीत, पाहुण्यांच्या बाकावर बसली होती. सकाळी साडेनऊलाच मालकांनी तिच्याकडून कोठीची किल्ली काढून घेतली होती आणि संगणकाला हात लावायचा नाही अशी ताकीद दिली होती. पासवर्डची एक प्रत बंद पाकिटात मालकांपाशी असे, ती तिनेच ठेवायला लावली होती. पाकीट फोडून तिलाच बाहेर बसवलं होतं. डबा न उघडता तिने शेजारी ठेवला होता.

तिला राग आला होता. पण त्याहून जास्त ती घाबरली होती, आणि ते तिने लपवलं नाही. असा ठपका घेऊन बाहेर पडलं तर दुसऱ्या कुठल्या कंपनीने तिच्या हाती सर्व्हर द्यावा? या धंद्यात माणसाकडे विश्वासाशिवाय दुसरं असतं काय, असं ती म्हणाली. शुक्रवारी संध्याकाळी ती भावाकडे गेली होती, ती आज सकाळी बसमधून उतरून थेट इथं आली. आल्यापासून कुणी तिला एक प्रश्न विचारला नव्हता.

“मग मी विचारते,” आत्याबाई म्हणाल्या आणि बाकावर तिच्या शेजारी बसल्या. “फायली दीड वर्षापूर्वीच्या एका दिवसापर्यंत आहेत, पुढच्या नाहीत. चोर काय वाटेल ते उचलतो. हा मधोमध सुरीने कापल्यासारखा कसा थांबला? त्या दिवशी काय झालं होतं?”

सासूबाईने तारीख विचारली. आत्याबाईंनी सांगितली. तिने डोळे मिटून आठवून पाहिलं.

“त्या दिवशी मी डिस्क बदलली,” ती सावकाश म्हणाली. “आधी पाय एका छोट्या बाहेरच्या डिस्कवर होते. ती पुरेना, म्हणून सगळं थोरलीच्या मोठ्या डिस्कवर हलवलं. जुनी तशीच पिशवीत घालून ठेवली.”

पिशवी रिकामी आहे, हे आत्याबाईंनी तिला सांगितलं. ती उठून उभीच राहिली. म्हणजे आज सगळे बघत होते ते थोरलीचं पोट नव्हेच, ती जुनी डिस्क होती. पण मग मोठ्या डिस्कवरचे पाय? कुणी पुसून त्या जागी जुनी लावली असेल तर ते कायमचे गेले.

आत्याबाईंना पुसण्याबद्दल काही माहिती नव्हती, पण जळण्याबद्दल होती. गोदामात हजार पोती जळाली असं कुणी सांगितलं, की त्या आधी राख मोजत. राख कमी असेल तर पोती जळालेली नसतात, हलवलेली असतात. पुसलेल्या फायलींची राख कशाला म्हणायचं, असं त्यांनी विचारलं.

“रिकाम्या जागेला,” सासूबाई म्हणाली. “पुसलं की डिस्क तेवढी रिकामी होते. पण ते बघायला मला आत जायला हवं, आणि मला कोण जाऊ देतंय?”

आत्याबाई कोठीकडे गेल्या. नव्या प्रणालीचा माणूस खुर्चीत बसून आपला छापील फॉर्म भरत होता: यंत्राची मेमरी किती, डिस्क केवढी, किती भरलेली. त्याच्या खांद्यावरून आत्याबाईंनी वाचलं. थोरली, ८१ टक्के. धाकटी, ४६.

त्यांनी दाराकडे जाऊन शुक्रवारचा कागद पुन्हा एकदा वाचला. मग तो काढून घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि मालकांच्या खोलीचं दार न ठोठावता उघडलं.

५

मालकांना पटवायला अडीच वाजले. आत्याबाईंनी शुक्रवारचा कागद आणि बसवणाऱ्या माणसाचा फॉर्म त्यांच्यासमोर शेजारी शेजारी मांडले. धाकटी शुक्रवारी अठ्ठ्याहत्तर टक्के भरलेली होती, आज शेहेचाळीस. तिथून माल खरंच गेला होता. पण थोरली शुक्रवारी एक्क्याऐंशी आणि आजही एक्क्याऐंशी. जिच्या पोटातून दीड वर्षाचं काम चोरीला गेलं तिचं पोट इंचभरही आत गेलं नव्हतं.

मेहुणेसाहेबांनी मध्येच सुचवलं की यंत्रांना मोजता येत नसेल. ही फुकटची यंत्रं, त्यांचं काय सांगावं. तिथंच बोलावून आणलेल्या बसवणाऱ्या माणसाने मान वर न करता म्हटलं की मोजणी बरोबर आहे. बिचारा प्रामाणिक होता.

“दहा मिनिटं दे तिला,” आत्याबाई भाच्याला म्हणाल्या. “मी बाजूला बसते. तिने वावगं काही केलं तर माझा अर्धा हिस्सा तुझा.”

मालकांना आत्याचा हिस्सा नको होता, पण आत्या असं बोलली म्हणजे तिला काही तरी दिसलंय एवढं त्यांना कळत होतं. किल्ली सासूबाईच्या हाती गेली.

तिने थोरलीसमोर बसून एकच आज्ञा दिली. काळ्या पडद्यावर पाच-सहा ओळी उमटल्या. त्यातल्या शेवटच्या ओळीवर तिने बोट ठेवलं आणि ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिली. मालकांचा धीर सुटायला लागला तेव्हा आत्याबाईंनी तिला, आम्हाला समजेल असं सांग, असं म्हटलं.

“लिनक्समध्ये डिस्क नुसती खुपसून चालत नाही,” ती म्हणाली. “ती कुठल्या तरी फोल्डरवर जोडावी लागते. फोल्डर रिकामा असेल तर काही बिघडत नाही. पण भरलेल्या फोल्डरवर जोडली, तर वाढलेल्या ताटावर दुसरं ताट ठेवल्यासारखं होतं. वरच्या ताटातलं दिसतं. खालचं झाकलं जातं.” तिने पुन्हा त्या ओळीवर बोट टेकलं. “कुणी तरी जुनी डिस्क थेट ‘पाय’वर जोडलीय.”

“आणि खालचं?” मालकांनी विचारलं.

तिने दुसरी आज्ञा टाइप केली आणि जुनी डिस्क सोडवली. मग फोल्डर पुन्हा उघडला.

फायलींची यादी पडद्यावरून खाली धावायला लागली. दीड वर्षापूर्वीची तारीख आली, मागे पडली, पुढची आली, त्याच्या पुढची, आणि यादी गेल्या शुक्रवारच्या दुपारपाशी येऊन थांबली. अकराशे बारा पाय होते तिथंच होते. मास्तर दारातून वाकून बघत होते. त्यांनी काखेत कळसा आणि गावाला वळसा असं पुटपुटून डोळे पुसले. सासूबाईने दोन्ही तळहात तोंडावर घेतले.

आत्याबाईंनी मात्र खुर्ची सोडली नाही. शाळेतल्या बाईंच्या डाव्या पायाची फाइल उघडायला त्यांनी सांगितलं. ती उघडल्यावर त्यांनी त्यातली टाचेची रुंदी वाचली, मास्तरांचा टोचलेला कागद मागवून घेतला आणि त्यावरची रुंदी वाचली.

दोन्ही आकडे वेगळे होते. “सगळ्यांना इथं बोलाव,” त्या भाच्याला म्हणाल्या.

६

कोठीत सहा माणसं दाटीवाटीने उभी राहिली. आत्याबाई बसूनच बोलल्या.

कोठीत येऊन जुनी डिस्क जोडायची मुभा, सासूबाईने सांगितल्याप्रमाणे, तिच्याखेरीज तिघांना होती. मेहुणेसाहेबांनी हुद्द्याच्या जोरावर मागून घेतली होती, मास्तरांना ती न मागता मिळाली होती, आणि मापवाल्याला ती कामासाठी लागायची. ज्याने डिस्क जोडली त्याला असं काही तरी हवं होतं जे फक्त जुन्या डिस्कवरच होतं. मेहुणेसाहेबांना जुनं काही नकोच होतं, ते नव्याच्या मागे लागले होते. मास्तर तर कळफलकाला शिवत नाहीत. पण मास्तरांच्या खिळ्याला एक कागद होता. शनिवारी छापलेला, दोन वर्षांपूर्वीच्या मापाचा. थोरलीवर ते माप नव्हतंच. बाईंचा पाय मागच्या वर्षी पुन्हा मोजला गेला आणि नवं माप त्याच फाइलवर चढवलं गेलं. जुनं राहिलं ते फक्त पिशवीतल्या डिस्कवर.

“म्हणजे शनिवारी ज्याने तो कागद छापला,” आत्याबाई म्हणाल्या, “त्याने त्या दिवशी फाइल उघडली नाही हे काही खरं नाही.”

सगळ्यांनी मापवाल्याकडे बघितलं. तो भिंतीला टेकला.

बाई शुक्रवारी संध्याकाळी आल्या होत्या, त्याने सांगितलं, मोजा रक्ताने भिजलेला. नवं माप त्यानेच चुकीचं घेतलं होतं आणि त्यानेच जुन्यावर चढवलं होतं. कुणाला न कळता दुरुस्त करावं म्हणून तो शनिवारी आला. डिस्क जोडली. रिकाम्या फोल्डरची पायरी त्याला आठवली नाही, घाई होती. माप छापलं, मास्तरांना दिलं. डिस्क सोडवायला गेला तर यंत्र म्हणालं, वापरात आहे, सोडवता येत नाही. सासूबाई सोमवारी बघेल, असं म्हणून तो निघून गेला. सोमवारी आरडाओरडा झाला तेव्हा त्याच्या पायाखालची जमीन सरकली.

“मला वाटलं जुन्या फायली नव्यांवर पडल्या आणि नव्या मेल्या,” तो म्हणाला. “मेलेल्याचं सांगून काय होणार होतं?”

“पाच मिनिटांत काम झालं असतं,” सासूबाई म्हणाली. “एवढंच होणार होतं.”

मालक संतापले. त्यांनी टेबलावरचा पहिला कागद उचलला, तोच सकाळचा, आणि त्यावरचं नाव खोडून दुसरं लिहायला पेन उघडलं. चार वाजायला दहा मिनिटं होती आणि सही करायला आत्याबाई समोरच बसलेल्या होत्या.

“एक राहिलं,” सासूबाई मध्येच म्हणाली. “नक्कल कशी गेली, ते कुणी विचारलं नाही.”

खरंच, ते सगळे विसरले होते. आत्याबाई पुढे वाकल्या. त्यांना याचं उत्तर माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेलं उत्तर ऐकायला मिळणं यासारखं सुख त्यांना दुसरं नव्हतं.

ती म्हणाली की धाकटीकडून फायली पुसल्या गेल्या त्या तिच्या स्वतःच्या चुकीने. धाकटीला तिने असं शिकवलं होतं की थोरलीकडे जे दिसेल ते आपल्याकडे ठेवायचं आणि जे दिसणार नाही ते टाकून द्यायचं. रविवारी पहाटे थोरलीकडे जुनं ताट दिसलं, धाकटीने बाकीचं मुकाट्याने फेकून दिलं. टाकण्याआधी महिनाभर बाजूला ठेव, असं सांगायला हवं होतं. ते तिने सांगितलं नव्हतं. दोन वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण बघणारं दुसरं कोणी नव्हतं. खुलं म्हणून मी मिरवते, पण उघडून वाचणारी मी एकटीच, असं ती म्हणाली.

मेहुणेसाहेबांच्या चेहऱ्यावर आशा दिसायला लागली. मालकांचं पेन हवेत थांबलं. हे सांगायची काही गरज नव्हती, असं त्यांनी जरा चिडूनच म्हटलं. आता कुठं तिच्यावरचं बालंट टळलं होतं.

“मला इथं राहायचंय,” सासूबाई म्हणाली, “पण एकटीने नाही. आज मला बाहेर बसवलंत तेव्हा आत बघायला येणारा एक माणूस तुमच्याकडे नव्हता. मला दुसरा माणूस द्या. जेवढं मला येतं तेवढं त्याला शिकवते. माझं काम तो तपासेल, त्याचं मी.”

मालकांनी सुस्कारा सोडून विचारलं की असा माणूस आणायचा कुठून.

तिने मापवाल्याकडे बोट केलं.

खोलीत कुणालाच ते पटलं नाही, मापवाल्याला तर मुळीच नाही. मालकांनी आठवण करून दिली की याच माणसाने तिची नोकरी जाताना बघितली आणि हा मूग गिळून बसला. सासूबाईने मान हलवली. ते ती विसरली नव्हती. बाकावर बसून घालवलेले पाच तास ती कधी विसरणारही नव्हती, आणि माफ केलंय असंही तिने म्हटलं नाही.

“पण तीन रेघा मारलेली ती पायरी,” ती म्हणाली, “या कारखान्यात फक्त हेच आता जन्मात वगळणार नाहीत. आणि मी काही वगळलं तर यांना ते दिसेल.”

मालकांनी आत्याकडे बघितलं. आत्याबाईंनी सकाळचे दोन्ही कागद त्यांच्यापुढून घेतले, एकावर एक ठेवले आणि मधोमध फाडले. बसवणाऱ्या माणसाने आपला फॉर्म बॅगेत घातला, सगळ्यांना नमस्कार केला आणि तो बाहेर पडला. मेहुणेसाहेब त्याला पोचवायला गेले.

“पहिलं काम काय करू?” मापवाल्याने विचारलं. आवाज त्याचा त्यालाच ऐकू आला असेल तर शपथ.

“आधी फोन करा,” सासूबाई थोरलीकडे वळत म्हणाली. “शाळेतल्या बाईंना. माप तुम्ही चुकवलं, हे तुम्हीच सांगा. मग खुर्ची घेऊन इकडे या.”

तो फोनकडे गेला. त्याने नंबर फिरवला, पलीकडून आवाज आला, आणि त्याने आपलं नाव सांगून चूक आपलीच होती हे एका दमात सांगून टाकलं.